अर्थिंगच्या खड्ड्यावरची तुळस

रिले कसा चालतो असं कुणी विचारलं तर मी आजही तासभर बोलेन. समोरचा जांभया द्यायला लागला तरी थांबणार नाही. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणून कुणी विचारत नाही. अर्थिंगबद्दल मात्र मी स्वतःहून कधी बोललो नाही. बायकोलाही हे सांगितलं नव्हतं. ती आता गेली, आणि मीही काही फार दिवसांचा सोबती नाही. तेव्हा लिहून टाकतो.

पुण्याला विजेचा डिप्लोमा करून मद्रासला नोकरीवर गेलो तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो, आणि त्या वयात माणूस असतो तेवढा दीडशहाणा होतो. कारखाना शहराच्या उत्तरेला, एन्नोरच्या वाटेवर. जमीन सगळी वाळूची, पलीकडे मिठागरं, आणि वारा असा की दुपारी डबा उघडला की भातात वाळू. कारखान्याचं स्वतःचं वीजघर होतं आणि तिथल्या रिलेंची देखभाल माझ्याकडे होती. राहायला मी वेस्ट मांबलमला, आमच्या मेस्त्रींच्या घरातली पुढची खोली घेतली होती.

मेस्त्री तंजावरकडचे मराठी. किती पिढ्यांपूर्वी घराणं तिकडे गेलं ते त्यांनाही सांगता येत नसे. घरात मराठीच बोलत, पण ते बखरीतून उठून आल्यासारखं मराठी, आणि त्याला हेल तमिळ. "जेवण जाहलें कीं, तंबी?" असं विचारत. तंबी म्हणजे धाकटा भाऊ. पहिला महिना मला हसू आवरत नसे. पुढे त्या हाकेची इतकी सवय झाली की एखाद्या दिवशी त्यांनी ती मारली नाही तर चुकल्यासारखं व्हायचं. कारखान्यातली सगळी अर्थिंग त्यांच्या ताब्यात होती. लिहिणं-वाचणं बेताचं, पण वीस वर्षं तारांत काढलेली. कुठली मोटर कधी दगा देईल ते तिच्या नुसत्या आवाजावरून सांगत.

आता थोडं समजावून सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. विजेच्या यंत्राचं लोखंडी अंग तारेने जमिनीत पुरलेल्या पत्र्याला जोडलेलं असतं, ते अर्थिंग. आतल्या तारेचं वेष्टण कुजलं आणि ती लोखंडाला टेकली, तर वीज त्या वाटेने जमिनीत उतरते आणि जमिनीतूनच वीजघराकडे परत येते. तिथे काचेच्या पेटीत रिले बसलेला असतो. त्यात ॲल्युमिनियमची एक चकती असते. पुरेशी वीज परत आली की चकती फिरते, पुरवठा तुटतो आणि रिलेतली छोटी लाल पट्टी खाली पडते. पुरेशी आली तर, बरं का. रिले हा दारावरचा पेंगुळलेला राखणदार आहे. मोठ्याने हाक मारली तरच उठतो, आणि ती हाक मारायची जमिनीने. कोरडी वाळू हाक मारत नाही. म्हणून पत्र्याभोवती कोळसा आणि मीठ भरायचं, दर उन्हाळ्यात ते नव्याने घालायचं, आणि वरून रोज दोन बादल्या पाणी ओतायचं.

ते पाणी कोण ओतणार? मद्रासच्या उन्हाळ्यात नळाशी घागरींची रांग लागलेली असताना मातीत दोन बादल्या ओतायच्या, हे कुणाच्याच मनाला पटत नसे. सगळ्यात वाईट खड्डा होता पंपघराचा. हे पंपघर वीजघरापासून लांब, कामगारांच्या खोल्यांच्याही पलीकडे एकटं होतं. पंप चालवणारा तमिळ माणूस तिशीतला, शांत. पंपघराला लागूनच एका खोलीत तो आणि त्याची बायको राहत. लग्नाला सात-आठ वर्षं झालेली, मूलबाळ नव्हतं. मेस्त्री त्याला पाण्यावरून रोज बोलत, तो रोज "सरि, मेस्त्री", म्हणजे बरं मेस्त्री, म्हणे, आणि खड्डा कोरडाच.

मग मेस्त्रींनी काय करावं? एक दिवस घरून तुळशीचं रोप आणलं आणि खड्ड्याच्या विटांच्या कड्यात, पत्र्याच्या बरोबर वर, लावून टाकलं. पंपवाल्याच्या बायकोला एवढंच म्हणाले, "आम्मा, हिला सुकूं देऊं नका." झालं. दुसऱ्या दिवसापासून ती बाई न्हाऊन, ओल्या केसांनी, घागरभर पाणी तुळशीला घालू लागली. कामगारांच्या खोल्यांतल्या बायकाही येऊ लागल्या. महिन्याभरात मी मेगरने मोजणी केली तर सगळ्या कारखान्यात पंपघराची अर्थिंग पहिली. मेगर म्हणजे हाताने फिरवायचं, जमिनीचा विरोध मोजायचं यंत्र. विरोध जितका कमी तितकं चांगलं. मी मेस्त्रींना म्हणालो, पुण्याच्या कॉलेजात हे कुणी शिकवलं नव्हतं. ते मिशीत हसले.

मे महिन्यात नेमाप्रमाणे खड्ड्यात मीठ पडलं. दहा दिवसांत तुळस काळी पडून गेली. त्या बाईने दोन दिवस अन्न घेतलं नाही. तिने त्या तुळशीला काय नवस बोलला होता ते आम्हाला काय ठाऊक, पण अंदाज येत होता. पंपवाला वीजघराच्या दारात येऊन हात जोडून उभा राहिला. म्हणाला, दुसरी तुळस लावतो, पण मीठ घालू नका. मिठाशिवाय त्या वाळूत भागणार नव्हतं, आणि तुळशीशिवाय पाणी कुणी ओतणार नव्हतं.

तोडगा मी काढला. हे मला ठळक लिहायचं आहे, कारण पुढे कुणाच्याच कागदावर ते आलं नाही. मी पेन्सिल घेतली आणि वृंदावनाचं चित्र काढलं. खड्ड्यावर विटांचा चौथरा, त्यावर सिमेंटचं वृंदावन, त्याला पक्का सिमेंटचा तळ, म्हणजे खालचं मीठ मुळांपर्यंत चढणार नाही. तुळशीचं जादा पाणी बाजूच्या पन्हळीने बाहेर. आणि खड्ड्यासाठी एका अंगाला लोखंडी नळी ठेवायची. तिच्यातून मिठाचं पाणी रोज खाली ओतायचं. वर देव, खाली वीज, दोघं आपापल्या जागी सुखी. "डोकें आहे तंबीला," मेस्त्री म्हणाले, आणि मी असा फुललो की विचारू नका. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा बैल रिकामा राहिला तो दुसऱ्याच्या गोठ्यात.

वृंदावन झालं. तमिळमध्ये त्याला माडम म्हणतात. पूजा झाली, त्या बाईने गोड पोंगल केलं आणि मला केळीच्या पानावर दोनदा वाढलं. तुळस फोफावली. सकाळी दिवा, संध्याकाळी दिवा, बाजूला कोलमची रांगोळी. नळीत पाणी मात्र पहिले चार दिवस पडलं असेल. साहजिक आहे. देव वर असताना बाजूच्या गंजक्या नळीत कुणी कशाला पाणी ओतेल? पुढे तिच्यातून विंचू निघाला, तेव्हा त्या बाईने चिंधी कोंबून वरून चुना लिंपला.

हे मी पुढच्या मे महिन्यात पाहिलं. मोजणीला गेलो होतो. मोजणीच्या लोखंडी खुंट्या जमिनीत ठोकल्या, मेगर फिरवलं, आणि काटा गेल्या वर्षीच्या चौपट जाऊन उभा राहिला. मला लगेच कळलं. यंत्र बिघडलं असेल असं मी स्वतःला सांगितलं, पण ते खोटं होतं. खड्ड्याच्या नोंदीच्या कार्डावर खरा आकडा लिहायचा तर आमचे इंजिनियर साहेब कारण विचारणार, कारण सांगायचं तर माझं चित्र निघणार आणि माडम फोडावं लागणार. ती बाई माझ्यासाठी ताकाचा पेला घेऊन दारात उभी होती. मी ताक प्यालो आणि कार्डावर गेल्या वर्षीचा आकडा लिहिला. मीठ व कोळसा भरला, असंही लिहिलं. मेस्त्रींनी खाली सही केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही आणि मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी मी खुंट्या ठोकायलाही गेलो नाही. वीजघरात पंख्याखाली बसून आकडा लिहिला.

रिले मात्र मी दर महिन्याला तपासत होतो. चाचणीची वीज सोडायची, हातात घड्याळ धरायचं, चकती किती वेळात फिरते ते पाहायचं. पंपघराच्या रिलेवर माझा विशेष लोभ होता, कारण तो कधी केसभरही चुकला नाही. आता वाटतं, त्या बिचाऱ्या पेटीला मी कितीही पुसलं असतं तरी तिचा काय उपयोग होता.

माडम बांधल्यानंतरच्या तिसऱ्या उन्हाळ्यात, अग्निनक्षत्राच्या दिवसांत, म्हणजे तिकडचे मे महिन्यातले सगळ्यात जाळणारे दिवस, सकाळी सात-साडेसातला वीजघरातला टेलिफोन वाजला. कँटीनचा माणूस ओरडत होता. पंपवाल्याला विजेने धरलं होतं, त्याने गोणपाट टाकून त्याला ओढून काढलं होतं, पुरवठा बंद करा. मी पॅनेलकडे धावलो. पंपघराच्या रिलेची लाल पट्टी वरच होती. चकती हललीसुद्धा नव्हती. मी हाताने पुरवठा तोडला.

पंपवाल्याची एक रीत होती. रोज अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून तो पंपघरात येई, मुख्य स्विचच्या लोखंडी डब्याला हात लावून तो हात डोळ्यांना लावी, आणि मग पंप सुरू करी. हत्याराला नमस्कार करूनच कामाला लागायचं, तिकडे सगळेच करतात. आदल्या रात्री कधीतरी डब्यातल्या तारेचं वेष्टण गेलं होतं. डबा तसाच जिवंत राहिला. ओल्या अंगाने, अनवाणी पायांनी, फरशीवर उभं राहून त्याने नमस्काराला हात लावला.

मी पोचलो तेव्हा त्याला दवाखान्यात नेलं होतं. बायकोही बरोबर गेली होती. पण तो पंपघरातच संपला होता हे कँटीनच्या माणसाने मला मान हलवून सांगितलं.

मी परत वीजघरात आलो आणि रिले तपासला. वीज सोडली, चकती झरझर फिरली, लाल पट्टी टपकन खाली पडली. नेहमीसारखीच. मग मेगर घेऊन पुन्हा पंपघराकडे गेलो. काटा पार शेवटच्या टोकाला गेला. त्या खड्ड्याला अर्थिंग म्हणणंच चूक होतं. मी वाळूतच खाली बसलो. मागून मेस्त्री आले. त्यांनी काट्याकडे पाहिलं, माडमकडे पाहिलं.

"साहेब दुपारीं येणार," ते म्हणाले. "हें त्यांनीं पाहिलें कीं मी संपलों, तंबी. आठ महिने राहिले नोकरीचे. दोन मुली घरांत आहेत. आणि तुम्ही तरी कुठें वांचणार?"

त्यांनी पहार आणली. मी त्यांना थांबवलं नाही. उलट मीच पहिला घाव घातला. तळ फुटला. तुळस मुळासकट काढून भिंतीशी ठेवली. खाली वाळू इतकी कोरडी की मुठीतून गळत होती. एक पोतं मीठ गेलं, आणि त्याच्यावर आम्ही बादल्यांमागून बादल्या ओतल्या. पंप बंद होता म्हणून कँटीनच्या हौदातून वाहून आणल्या. कुणी विचारलं तर मेस्त्री सांगत, मरण झालेल्या घरची तुळस, काढायलाच हवी. लोक हळहळत पुढे जात. एकालाही शंका आली नाही. दुपारी दोनला मी मोजणी केली तेव्हा आकडा कार्डावरच्या आकड्याच्या जवळ आला होता.

साहेब आले. माणूस वाईट नव्हता. घाम पुसत त्यांनी सगळं पाहिलं. कार्ड पाहिलं, तीन वर्षं आकडे उत्तम. त्यांच्यासमोर मी मेगर फिरवलं, आकडा ठीक. वीजघरात येऊन रिले पाहिला. लाल पट्टी पडलेली होती. माझ्या चाचणीत पडलेली. मी ती पुन्हा वर केली नव्हती. विसरलो होतो असं म्हणायला फार आवडलं असतं.

"म्हणजे रिलेने काम केलं," साहेब म्हणाले.

"हो साहेब," मी म्हणालो.

"मग माणूस कसा मेला?"

मी म्हणालो, रिलेला चकती फिरवायला अर्धा-एक सेकंद लागतोच. ओलं अंग आणि अनवाणी पाय असतील तर तेवढा वेळ पुरतो. हे बोलताना माझा आवाज कापला नाही. साहेबांनी मान डोलावली, कँटीनच्या माणसाला विचारलंही नाही, आणि लिहिलं: कामगार ओल्या अंगाने व पादत्राणांशिवाय कामावर; स्वतःचा हलगर्जीपणा.

त्या शेवटच्या दोन शब्दांचा अर्थ काय होतो ते कारखान्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कामावर माणूस गेला आणि चूक त्याची नसली, तर त्याच्या बायकोला कँटीनमध्ये कायमचं काम मिळे आणि राहती खोली तिच्याकडे राही. व्यवस्थापकांनी घालून दिलेली रीतच होती ती. चूक त्याची ठरली, तर पंधरा दिवसांत खोली रिकामी करायची. तिच्या माहेरी एक भाऊ होता, त्याचं स्वतःचंच भागत नव्हतं. हे सगळं मला जबाब देताना माहीत होतं. मागाहून कळलं असं नाही.

त्या पंधरा दिवसांत मी रोज ठरवत होतो की उद्या साहेबांकडे जायचं. मांबलमहून गाडीत बसलो की सगळी वाक्यं तयार असायची, कारखान्याचं फाटक आलं की एकही नसायचं. घरी मेस्त्री जेवताना मान वर करत नसत. त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरत होतं. मी तोंड उघडलं असतं तर त्या पोरीचं काय झालं असतं, असं मी स्वतःला समजावत असे. पण खरं सांगतो, मला तिची पडली नव्हती. मला माझी पडली होती. नोकरी जाईल, कदाचित तुरुंग होईल, पुण्याला आई-वडिलांना तोंड कसं दाखवू, एवढंच डोक्यात होतं. भेकड होतो मी. दुसरा शब्द शोधायचं कारण नाही.

खोली सोडायच्या दिवशी सकाळी ती वीजघराच्या दारात आली. भाऊ बाहेर ट्रंक आणि वळकटी घेऊन उभा होता. मेस्त्री आत पॅनेलशी काही करत होते. तिला पाहून ते आणखी आत गेले. तोवर मला तमिळ बऱ्यापैकी कळत होतं.

"सार, तुम्ही शिकलेले आहात," ती म्हणाली. "एक विचारते, खरं सांगा. त्यांच्या पायात चपला असत्या तर ते वाचले असते का?"

मला वाटलं ती साहेबांच्या निकालाबद्दल भांडायला आली आहे. मी म्हणालो, "का विचारता?"

"चपला मीच काढायला लावल्या होत्या," ती म्हणाली. "आधी घालायचे ते. टायरच्या जाड चपला होत्या. माडम बांधलं, तेव्हापासून मीच म्हटलं, इथे देव आहे, पंपघरात चपला नकोत. त्यांना सवय नव्हती, पाय भाजायचे. तरी माझ्यासाठी काढायचे. ऑफिसात म्हणतात अनवाणी होते म्हणून गेले. मला एवढंच कळू दे. चपला असत्या तर?"

टायरचा जाड, कोरडा तळ पायाखाली असता तर तो बहुधा वाचला असता. विजेचं शास्त्र हेच सांगतं. ते तिला सांगून पुढे दुसरं वाक्य बोलायचं होतं. खड्डा मेला होता, तो मी मारला, दोन वर्षं मी खोटं लिहिलं, जमीन धड असती तर तुमचा माणूस अंघोळ करून ओल्या अंगाने, अनवाणी आला असता तरी घरी परत गेला असता. वाक्य तोंडात आलं होतं. बाहेर तिचा भाऊ ट्रंक डोक्यावर घेत होता. एक मिनिटभर आणखी उभा राहिलो असतो तर बोललो असतो, असं मी चाळीस वर्षं स्वतःला सांगत आलो आहे.

"हो," मी म्हणालो. "वाचले असते."

तिने डोळे मिटले आणि उघडले. रडली नाही.

"सरि, सार," ती म्हणाली. "कुणी नीट सांगतच नव्हतं. तुम्ही सांगितलंत." आणि तिने मला वाकून, दोन्ही हात जोडून नमस्कार केला, आणि मी तो उभ्या उभ्या घेतला.